उचल म्हणजे उत्पन्न नाही: घरोघरी सर्व्हे करायला निघालेल्यांसाठी माझा अनुभव

एमएच्या दुसऱ्या वर्षाला मी प्रोजेक्टसाठी 'गावातल्या कुटुंबांचा रोजगार, उत्पन्न आणि गरिबी' हा विषय घेतला. गाव बीड जिल्ह्यातलं, धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. इकॉनॉमिक्स, समाजशास्त्र, एमएसडब्ल्यू, सगळीकडे दरवर्षी कोणी ना कोणी हा विषय घेतंच कारण ऐकायला सोपा वाटतो. प्रश्नावली कशी बनवायची, सॅम्पल कसं काढायचं हे तुम्हाला वर्गात शिकवलेलं असणार, ते मी परत सांगत नाही. मी जिथे फसले तेवढंच नीट सांगते, कारण त्यात माझे दीड महिन्याचे फॉर्म वाया गेले आणि ते आठवलं की अजूनही पोटात कसंतरी होतं.

आधी वेळेचं. मी गेले नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळी झाल्यावर, कारण आमच्या परीक्षा तेव्हा संपल्या होत्या. गावात पोचले तर निम्म्या दारांना कुलपं. ओट्यावर म्हातारी माणसं, त्यांच्याजवळ शाळेतली पोरं, बाकी सगळं ऊसतोडीला गेलेलं, कोणी सांगली-कोल्हापूरकडे कोणी कर्नाटकात. ग्रामपंचायतीच्या यादीतून मी घरं काढली होती, त्यातलं घर बंद दिसलं की पुस्तकात सांगतात तसं शेजारचं घर घेत गेले. आता विचार करा, नोव्हेंबरमध्ये गावात कोण असतं? ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो, ज्याचं दुकान आहे तो, ज्याच्या घरात नोकरी आहे तो. म्हणजे कुलूप लागलेलं एकेक घर सोडताना मी गावातली सगळ्यात गरीब माणसंच यादीतून काढत होते, आणि मला वाटत होतं माझं सॅम्पल व्यवस्थित चाललंय. साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर जा, एप्रिल-मेमध्ये. लग्नसराई असते, ऊन मरणाचं असतं, पण माणसं घरी असतात. एवढ्या एका गोष्टीने निम्मं काम सुधारतं.

मी परत गेले एप्रिलमध्ये. आणि खरी चूक तेव्हा केली.

माझ्या फॉर्ममध्ये प्रश्न होता, 'गेल्या वर्षभरात कुटुंबाला कुठून किती पैसे मिळाले?' खाली रकाने: शेती, मजुरी, पगार, जनावरं, सरकारी योजना, इतर. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातली आहे, त्यामुळे मला वाटायचं गावातला पैसा मला कळतो. ऊसतोडीच्या घरात विचारलं की पहिलं उत्तर यायचं, 'उचल घेतली लाखाची.' मी लिहायचे एक लाख. मग विचारायचे, तोड किती झाली, दर काय, त्याचे किती झाले. ते सांगायचे, मी तेही लिहायचे. दोन्हीची बेरीज. अशी चाळीसच्या वर घरं मी भरली.

आता हे आकड्यात बघा, मुद्दाम सावकाश सांगते कारण इथेच सगळे अडकतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी दिवसाला साधारण दोन टन तोडते असं धरा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. म्हणजे दिवसाला ७३२ रुपये, दोघांचे मिळून. हंगामात १२० दिवस काम लागलं तर ८७ हजार ८४०, आपण ८८ हजार म्हणू. आणि उचल होती एक लाख. मी काय लिहिलं? एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार. घरात नवरा-बायको, तीन पोरं, एक आजी, अशी सहा माणसं. भागून बघितलं तर माणशी महिन्याला २६११ रुपये.

खरं काय होतं? ८८ हजार ही पूर्ण कमाई. उचल ही मुकादमाने, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने, हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, ती आधीच्या देण्यात, पोरीच्या लग्नात, घराच्या पत्र्यात खर्च होऊन गेलेली, आणि जोडी चार महिने जे तोडते ते त्या उचलीत वळतं होत जातं. म्हणजे पैसा एकच, तो आधी हातात आला आणि मग कष्टाने फेडला, आणि मी तो दोनदा मोजला. माणशी महिन्याला २६११ नाही, १२२२ रुपये. वर बारा हजार अंगावर बाकी निघाली, ती पुढच्या हंगामात फेडायची, म्हणजे पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे जायचं. ज्या घराला मी गावातलं बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी घर म्हणून टाकलं होतं ते घर वर्षभर राबून कर्जात गेलेलं होतं!

ही चूक ना गाईडच्या लक्षात आली, ना माझ्या. ती दाखवली एका बाईने. मी तिच्याच घरात बसून शेवटचे रकाने भरत होते आणि सहज म्हणाले की ताई, एक लाख आणि हे अठ्ठ्याऐंशी, बरेच झाले की. ती चुलीपाशी भाकरी थापत होती, थांबली, पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, 'ताई, उचल अंगावरची हाय, ती आमची कुठली? तुम्ही पैशे किती आले ते इचारलं म्हणून सांगितलं. कमाई कुठं इचारली?' मग तिने आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात पोराची जुनी शाळेची वही, तिच्यात नवऱ्याने लिहिलेल्या खेपा, वजनकाट्याच्या पावत्या, दर पंधरवड्याला घरखर्चासाठी घेतलेली खर्ची, आणि खाडे. दोन दिवस ती तापाने पडली होती ते खाडे. त्या वहीत सगळं होतं, माझ्या फॉर्ममध्ये मात्र ते लिहायला जागाच नव्हती.

मी त्या रात्री रडले, खोटं कशाला सांगू. चाळीस घरांचे आकडे चुकीचे, आणि त्यावर मी आधीच एक चॅप्टर लिहून ठेवला होता.

तर तुम्ही काय करायचं. उचल, खर्ची, बाकी आणि तोडीची कमाई असे चार वेगळे रकाने करा, एकातले आकडे दुसऱ्यात मिसळायचे नाहीत. उचल आणि खर्ची कर्जाच्या पानावर, कमाई उत्पन्नाच्या पानावर, हिशोब झाल्यावर निघालेली बाकी परत कर्जाच्या पानावर. प्रत्येक घरी विचारा की हिशोब झाला का, कोणी केला, वही कोणाकडे आहे. आणि हे फक्त ऊसतोडीचं समजू नका. वीटभट्टीवर हेच असतं. सोलापूरच्या यंत्रमागावर मालकाकडून घेतलेली रक्कम असते, किराणा दुकानात उधारी असते, बचत गटाचं कर्ज असतं. हातात आलेला पैसा आणि कमावलेला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गरीब घरात त्यांच्यातला फरकच सगळ्यात मोठा असतो. पगारदाराच्या घरात तो फरक फारसा नसतो, म्हणून पगारदाराच्या घरातून आलेल्या माणसाला तो दिसत नाही. मला तर शेतकऱ्याच्या घरातून येऊनही दिसला नाही.

उलट बाजूने एक उत्पन्न हमखास सुटतं, ते म्हणजे वाढं. उसाचे शेंडे बायका जनावरवाल्यांना विकतात, त्यावर कोपीवरचा, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीतला, आठवड्याचा बाजार निघतो. पुरुषाला विचारलं तर तो सांगत नाही कारण तो पैसा त्याच्या हातातून जातच नाही. बायकांनाच विचारावं लागतं.

बायकांवरून आठवलं. फॉर्ममध्ये 'व्यवसाय' विचारलं की नवरा सांगतो, ती घरीच असते. सरकारच्या पीएलएफएस या रोजगाराच्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्यांसाठी ९२ नंबरचा कोड आहे, आणि मी सुरुवातीला बायकांना सरसकट ९२ टाकत गेले. जी बाई पहाटे चारला उठून उसाच्या फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते तिला मी गृहिणी लिहिलं, कारण मजुरी जोडीची आणि हिशोब नवऱ्याच्या नावावर. काम विचारू नका, दिवस विचारा. पहाटे उठल्यापासून काय काय केलं, मग काय, मग काय. आणि काळ स्पष्ट ठेवा, वर्षभराचं विचारताय की गेल्या सात दिवसांचं. मेमध्ये सात दिवसांचं विचाराल तर अख्खं गाव बेरोजगार दिसेल, डिसेंबरमध्ये कोपीवर जाऊन विचाराल तर सहा महिन्यांचं पोर सोडून सगळे कामावर. दोन्ही खरं आहे, पण दोन्हीतून गाव कळत नाही, म्हणून मी शेवटी बारा महिन्यांचा तक्ताच केला, महिना आडवा आणि माणूस उभा. वेळ लागतो. पण लागू द्या.

उत्पन्न थेट विचाराल तर बऱ्याच घरी एकच आकडा ऐकाल, एकवीस हजार. तो संजय गांधी निराधार योजनेच्या उत्पन्न मर्यादेचा आकडा आहे आणि तहसीलच्या दाखल्यावर तोच असतो. लोक खोटं बोलतात असं कृपा करून मनात आणू नका. तुम्ही हातात फॉर्म घेऊन आलाय, रेशनकार्ड पिवळं आहे की केशरी विचारताय, मग त्यांना वाटणारच की काहीतरी कापलं जाणार. मला तर दारातच विचारायचे, लाडकी बहीणची तपासणी करायला आलात का. महिन्याचे १५०० म्हणजे वर्षाचे १८ हजार, आधीच्या हिशोबातल्या घरात हे केवढे पैसे आहेत बघा, ते बंद होतील या भीतीने कोणीही जपूनच बोलणार. म्हणून पहिल्या दिवशी उत्पन्न विचारूच नका. पहिल्या दिवशी घरात कोण कोण, पोरं कितवीत, पाणी कुठून, एवढंच. उत्पन्न दुसऱ्या खेपेला, आणि तेही खर्चावरून मागे जात.

गरिबी रेषेबद्दल थोडक्यात. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी ग्रामीण महाराष्ट्राची रेषा माणशी महिना ९६७ रुपये होती, आणि बरेच जण आजचं उत्पन्न उचलून त्या आकड्याशी लावतात. दोन चुका. एक तर किंमती तेव्हाच्या, दुसरं म्हणजे ती रेषा खर्चाची आहे, उत्पन्नाची नाही. १९७१ मध्ये पुण्यात दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी गरिबी मोजली तीही खर्चावरूनच, त्यामागे कारण आहे, उत्पन्न सांगणं अवघड असतं आणि काय खाल्लं ते आठवतं. उचलीतून केलेला खर्च मात्र खर्चाच्या बाजूलाही फसवतो. ज्या वर्षी लग्न झालं त्या वर्षी ते घर रेषेच्या वर दिसतं. म्हणून कर्जाचं पान नसेल तर या आकड्यांवरून गरिबीबद्दल काही लिहूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शॉर्टकट. पारावर दहा माणसं बसवून सगळ्यांचे फॉर्म एका दुपारी भरतात, गावातल्या पोराला फॉर्ममागे वीस रुपये देऊन भरून घेतात, लिंक व्हॉट्सअॅपवर टाकतात. नका करू. पारावर चारचौघात कोणीही आपली बाकी सांगत नाही, आणि पारावर बायका नसतात. मी पहिल्या वेळी पंधरा फॉर्म पारावरच भरले होते, त्यातला एकही पुढे वापरता आला नाही.

आणि गाईडचं म्हणाल तर, मोठं नाव बघून गाईड घेऊ नका. ज्याच्या चपलेला गेल्या पाच वर्षांत गावाची धूळ लागलीय असा बघा, मग तो ज्युनियर असला तरी चालेल. माझे गाईड माणूस म्हणून चांगले होते पण माझी बेरीज बघून त्यांना शंका आली नाही कारण त्यांनी कोपी कधी पाहिलेलीच नव्हती. मला खरं शिकवलं गावातल्या अंगणवाडीताईंनी. कुठलं घर कधी परत आलं, कोणाची सून माहेरी गेलीय, कुठल्या घरात आत्ता पैशाचं विचारू नये, सगळं त्यांना माहीत. पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे जा, चहा घ्या, आणि परत निघताना तुमचे आकडे त्यांना वाचून दाखवा. चुकलं असेल तर त्या लगेच सांगतात.

तुमचंही असं काही चुकलं असेल आणि सबमिशन जवळ आलं असेल तर घाबरू नका. मला चाळीस घरी परत जावं लागलं, मेच्या उन्हात, आणि एकाही घरी मला कोणी हाकललं नाही. मी दारातच सांगायचे की मागच्या वेळी मी उचल कमाईत धरली, चुकलं माझं. लोक हसायचे, बसायला पोतं टाकायचे आणि उलट आधीपेक्षा जास्त सांगायचे. वह्या बाहेर यायच्या. चॅप्टर पुन्हा लिहायला मला अकरा दिवस लागले. जमतं.

फॉर्मच्या शेवटी अर्धं पान कोरं ठेवायला विसरू नका. त्या बाईच्या फॉर्मवर त्या अर्ध्या पानात मी तिने सांगितलं तसंच उतरवून घेतलंय: बाकी बारा हजार, खाडे दोन, थोरली पोरगी सातवीत, दसऱ्यानंतर तिलाही न्यावं लागेल असं दिसतंय.