ड्रंक अँड ड्राइव्हची केस चालू असताना राज्य सोडताय? या चुका टाळा

सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा या पट्ट्यातली कितीतरी मुलं कामासाठी गोव्याची वाट धरतात. कुणी मोपा विमानतळावर लागतो, कुणी म्हापशातल्या हॉटेलात, कुणाची बदली थेट कारवार-मंगळूरकडे होते. त्यातल्या एखाद्याच्या मागे गणपतीतली किंवा थर्टी फर्स्टची केस असते. नाक्यावर पोलिसांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा जास्त आला, गाडी ठाण्यात गेली. आता नोकरीचं बोलावणं आलंय आणि घरात एकच प्रश्न आहे: जाऊ द्यायचं की नाही?

जाऊ द्यायचं. दारू पिऊन गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा गुन्हा आहे आणि तो जामीनपात्र आहे. जामीन देताना कोर्टाने राज्याबाहेर न जाण्याची अट घातली नसेल, तर नोकरीसाठी जायला कायद्याची आडकाठी नाही. माणूस अडकतो तो न सांगता निघून गेल्यामुळे, आणि त्याच्यासोबत घरचेही अडकतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हे साधं चलन आहे असं समजणं

हेल्मेट नसल्याचं चलन मोबाइलवर भरून मोकळं होता येतं. १८५ चं तसं नाही. जागेवर दंड भरून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी कलम २०० मध्ये आहे आणि तीत १८५ नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच जातं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. थकीत ई-चलनांसारखं हेही लोक अदालतीत निम्म्यात सुटेल म्हणून कुणी थांबायला सांगत असेल, तर ऐकू नका.

हा कायदा केंद्राचा आहे, हेही ध्यानात असू द्या. कुडाळच्या कोर्टात शिक्षा झाली आणि पुढे गोव्यातल्या पेडण्यात पुन्हा पकडले गेलात, तर तो तुमचा दुसरा गुन्हा. राज्य वेगळं, पोलीस वेगळे, म्हणून पाटी कोरी होत नाही.

‘वरस झाला, केस मेली’

गावात हे हमखास ऐकायला मिळतं. सांगणारा वाईट हेतूने सांगत नाही, त्याने कुठेतरी एक वर्षाच्या मुदतीबद्दल अर्धवट ऐकलेलं असतं. मुदत आहे, पण ती कोर्टाने गुन्ह्याची दखल घेण्यासाठी. पोलिसांनी त्या आत कागद कोर्टात दाखल केले आणि कोर्टाने दखल घेतली, की खटला पुढे कितीही काळ चालू शकतो. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल यायला वेळ लागतो, तोवर तुम्हाला काही कळत नाही. ही शांतता म्हणजे सुटका असं धरून मुलगा गोव्यात खोली घेतो, आणि समन्स गावच्या घरी येतं.

ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस शोधता येते. प्रत्येक केसला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. निघण्यापूर्वी वकिलाकडून तो लिहून घ्या. पुढची तारीख मग परगावात बसूनही दिसते.

कोर्टाला पत्ता न कळवणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं.

समन्स तुम्ही कोर्टात दिलेल्या पत्त्यावर येणार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तुम्ही घरी सापडला नाहीत, तर सोबत राहणाऱ्या घरातल्या कोणत्याही प्रौढ माणसाकडे समन्स देता येतं. पूर्वी तो प्रौढ पुरुषच लागायचा, आता आईने घेतलं तरी चालतं. म्हणजे आई कागद घेते, सही करते, देवघराच्या फळीवर ठेवते आणि फोनवर सांगायचं राहून जातं. किंवा मुद्दाम सांगत नाही, पोर नव्या नोकरीत आहे, कशाला जीव टांगणीला लावायचा म्हणून. तारीख चुकते. आधी जामीनपात्र वॉरंट निघतं, मग अजामीनपात्र. वॉरंट भारतात कुठेही बजावता येतं, पत्रादेवीच्या गोवा सीमेपलीकडे गेल्याने ते थांबत नाही.

त्याहून वाईट गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. जामिनावर सुटून सबळ कारणाशिवाय कोर्टात हजर न राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मूळ पहिल्या गुन्ह्याला सहा महिने, आणि गैरहजेरीला त्याच्या दुप्पट.

शिवाय जामीनदार कोण असतो? जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर सुटलात तर ठीक. पण जामीनदार दिला असेल, तर तो बहुतेक वेळा चुलता, मामा किंवा वाडीतलाच कुणी, ज्याने आपला सातबारा कोर्टात दाखवलेला असतो. तुम्ही आला नाहीत की नोटीस त्याला जाते, रक्कम भरायची वेळ त्याच्यावर येते. कोकणात एका जमिनीच्या तुकड्यावर किती जणांची नावं असतात आणि त्यावरून घरात किती वर्षं अबोला राहतो, हे वेगळं सांगायला नको. ज्याने शब्द ठेवून तुमच्यासाठी सही केली, त्याला निघण्याआधी प्रत्यक्ष भेटा आणि नवा पत्ता द्या.

कोर्टात काय करायचं? वकिलामार्फत पत्ता बदलल्याचा अर्ज द्या, सोबत नेमणूकपत्र आणि भाडेकराराची प्रत जोडा, मोबाइल नंबर अद्ययावत करा. प्रत्येक तारखेला येणं जमणार नसेल तर कायम हजेरी माफीसाठी अर्ज करता येतो, निदान त्या-त्या तारखेपुरता माफीचा अर्ज तरी आधी गेला पाहिजे. ज्या दिवशी कोर्टाने तुम्हालाच बोलावलंय, त्या दिवशी मात्र या. अजून एक मार्ग मला सगळ्यात चांगला वाटतो: रुजू व्हायच्या आधीची तारीख मागा. नोकरीचं कारण खरं असेल आणि कागद सोबत असतील, तर कोर्ट विचार करतं.

गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळं व्हावं का, हे वकिलाशी बोलूनच ठरवा. सोपं वाटतं, पण ती नोंदलेली शिक्षा असते. अपघातात कुणी जखमी झालं असेल तर हा लेख पुरेसा नाही, आजच वकील गाठा.

परवाना आणि गाडीची घाई

जप्त झालेल्या परवान्याऐवजी नव्या राज्यात दुसरा काढावा, हा सल्ला तुम्हाला देणारे भेटतील. एका वेळी एकच परवाना ठेवता येतो आणि माहिती देशभर एकाच ‘सारथी’ प्रणालीत असते. परवाना ठेवायला अपात्र ठरवल्यानंतर गाडी चालवली किंवा परवान्यासाठी अर्ज केला, तर त्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड आहे. जप्तीच्या पावतीवर काय लिहिलंय ते नीट वाचा.

जप्त गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाला हमी लिहून देऊन सोडवली असेल तर त्यातल्या अटी बघा. बहुतेक वेळा विकायची नाही, बोलावल्यावर हजर करायची, असं असतं. अशी एमएच-०७ ची गाडी एनओसी काढून गोव्याच्या नंबरवर चढवण्याआधी कोर्टाची परवानगी घ्या. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तरच नवा नंबर घ्यावा लागतो, तोवर घाई नाही.

फॉर्मवर ‘केस नाही’ लिहिणं

नोकरीच्या किंवा चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये प्रलंबित केस विचारली असेल तर खरं लिहा. केस उघड केल्याने नोकरी जाईलच असं नाही, पण लपवल्याचं कळलं तर तेच कारण पुरतं. बोटीवर किंवा आखातात जायचं असेल, तर पासपोर्ट कायद्यात फौजदारी खटला प्रलंबित असताना पासपोर्ट नाकारण्याची तरतूद आहे. त्यासाठी आधी संबंधित कोर्टाची परवानगी लागते.

वॉरंट निघालंच असेल तर

फोन बंद करू नका. वकिलाला घेऊन स्वतः कोर्टापुढे जा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. चुकलेल्या तारखेचं खरं कारण कागदासह सांगा. पोलिसांनी पकडून आणलेल्यापेक्षा स्वतःहून आलेल्याचं कोर्ट वेगळ्या नजरेने ऐकतं. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. पात्र माणसाला मोफत वकील मिळतो.

निकाल लागला की त्याची सही-शिक्क्याची नक्कल आणि दंडाची पावती लगेच काढून घ्या, आणि त्यांचा एक संच नव्या गावी जवळ ठेवा. परवाना परत मिळवताना किंवा पुढच्या पडताळणीत संगणकावर केस अजून चालू दिसली, तर तोच कागद दाखवावा लागतो.