काळ्या रानातली पाणंद चुन्याने पक्की कशी करावी

पाणंद चिखलात गेली की गावात एकच सल्ला मिळतो: मुरूम टाका. मुरूम पडतो, जुलैत दोन ट्रॅक्टर जातात, आणि आठवड्यात मुरूम खाली, काळी माती वर. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. काळ्या रानाला मुरूम पचतो, कितीही घाला. खालची माती आधी वठणीवर आणल्याशिवाय वर काही टाकू नये, एवढं माझं ठाम मत आहे, आणि ते बरेच पैसे घालवून झालेलं आहे.

काळ्या मातीतली बारीक चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. चुन्यातलं कॅल्शियम तिच्या पापुद्र्यांना चिकटलं की कण एकमेकांना धरून गोळा होतात. चिकटपणा उतरतो, माती भुसभुशीत होते. हे तासा-दिवसांचं काम. त्यानंतर कित्येक आठवडे चुना मातीतल्या सिलिका आणि अॅल्युमिनाबरोबर मुरत राहतो, आणि खरा कडकपणा तेव्हा येतो. रेताड किंवा मुरमाड जमिनीत चुन्याला धरायला चिकणमातीच नसते, तिथे सिमेंट वापरा. माती पक्की करणारं म्हणून कॅनमधलं द्रव विकायला कोणी आलं तर त्याला आपल्याच पाणंदीची माती देऊन नमुना करून मागा. बहुतेकांना त्या दिवशी नेमकं दुसरीकडे काम असतं.

हद्दीचा वाद असेल तर आधी तहसीलदारांकडे मिटवा, रोलर आल्यावर नाही. काम हरभरा-गहू निघाल्यावर लगेच सुरू करायचं आणि मेच्या मध्यापर्यंत संपवायचं, म्हणजे पावसाआधी चुन्याला मुरायला वेळ मिळतो.

चुना किती लागेल?

“गोणी-दोन गोणी मारा” हे उत्तर नव्हे. पाणंदीच्या तीन-चार ठिकाणची माती वाळवून, बारीक करून घ्या. पाच बाटल्यांत प्रत्येकी 25 ग्रॅम माती आणि 100 मिलि शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी. त्यांत मातीच्या वजनाच्या 2, 3, 4, 5 आणि 6 टक्के चुना घाला. तासभर दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट हलवा, मग पीएच मोजा. ज्या सर्वांत कमी चुन्याला पीएच 12.4 होतो, तेवढा किमान लागणार. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत हे मीटरवर होऊन जातं. काळ्या मातीला बहुधा 3 ते 5 टक्क्यांत भागतं.

हिशेब 4 टक्क्यांनी सांगतो. दाबून 10 सेंटीमीटर होणाऱ्या थरात दर चौरस मीटरला साधारण 150 किलो कोरडी माती असते, म्हणजे 6 किलो चुना. रस्ता 3 मीटर रुंद असेल तर 25 किलोची गोणी 1.4 मीटर लांबीला पुरते. 100 मीटरला 72 गोण्या, एका थराच्या. मी दोन थर करतो, कारण एकदम वीस सेंटीमीटरचा थर घेतला तर शेतातल्या रोटाव्हेटरचं पातं तळापर्यंत पोचत नाही.

चुना घ्यायचा तो विरवलेला, भुकटीचा, ताजा. उघड्यावर राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून परत चुनखडीच होतो आणि मग त्यात आणि खडूच्या भुकटीत फरक राहत नाही. चिमूटभर चुन्यावर लिंबू पिळा. जोरात फसफसला तर ट्रक परत पाठवा. चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, स्वस्त पडते, पण पाणी लागताच उकळते. सवयीचा मुकादम आणि माणसं नसतील तर तिच्या वाटेला जाऊ नका. भुकटीसुद्धा घामाच्या अंगावर भाजते. चष्मा, गमबूट, रबरी हातमोजे, नाकाला फडकं, आणि पहाटे वारा पडलेला असताना पसरायचं. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं सलग पाण्याने धुऊन थेट दवाखाना.

चर

दोन्ही बाजूंनी चर काढा आणि पाणी ओढ्या-नाल्याला लावून द्या. चराची माती फेकू नका. तीच रस्त्यावर घेऊन वरचा थर करायचा, म्हणजे रस्ता आपोआप उचलला जातो.

माती फोडणं आणि मिसळणं

सगळं काम इथे जमतं किंवा इथेच फसतं. माझी पहिली पाणंद 200 मीटरची होती. एप्रिलात नांगरली, ढेकळं वाळून क्रिकेटच्या चेंडूएवढी कडक झाली. त्यावर चुना पसरून रोटाव्हेटर दोनदा फिरवला. वरून सगळं एकसारखं राखाडी दिसलं, मी खूश. लगेच रोलर घातला. ऑगस्टात रस्ता जागोजागी मऊ पडला. कुदळीने खणून पाहिलं तर पारीत पुरण भरावं तसं: बाहेर चुन्याचा पांढरा पापुद्रा, आत काळी कुळकुळीत कोरी माती, अंगठा दाबला की रुतणारी. चुना मोजून घातला होता, तो मातीपर्यंत पोचलाच नव्हता.

तेव्हापासून वाळकी ढेकळं मी फोडत नाही. नांगरट करून टँकरने पाणी द्यायचं आणि वाफशाची वाट पाहायची. एक दिवस लागेल, दोन लागतील. पेरणीला जो वाफसा आपण बरोबर ओळखतो, तोच इथे. मग रोटाव्हेटर हळू गिअरमध्ये, तीन-चार फेऱ्या.

त्यानंतर निम्माच चुना पसरायचा. गोण्या आधी अंतरावर ओळीने मांडून ठेवा, मग फोडा आणि फावड्याने ओढा. ट्रॉलीतून अंदाजाने फेकणारा माणूस सुरुवातीला हात सैल सोडतो आणि शेवटी राखतो. रोटाव्हेटर फिरवा, पाणी मारा, पुन्हा फिरवा. वरून ट्रॅक्टरच्या चाकांनी हलकं दाबा, म्हणजे हवा कमी लागते आणि ओल टिकते. आता 24 ते 48 तास हात लावायचा नाही. लोणच्यासारखी मुरू द्यायची.

इथे ठेकेदार कुरकुरतो. रोलरचं भाडं चढतंय, आजच दाबून टाकू म्हणतो. ऐकू नका. रोलर दोन दिवसांनी मागवा. सिमेंट असतं तर घाई बरोबर होती, ते दोन तासांत दाबावंच लागतं. चुना थांबतो, आणि त्याचं थांबणंच आपल्या कामाचं असतं. दोन दिवसांनी तीच चिवट माती हातात चुरते, तेव्हा पटेल.

मग उरलेला निम्मा चुना आणि पुन्हा फेऱ्या. किती? चाळण सांगेल. एक इंची चाळणीतून सगळं गेलं पाहिजे आणि 5 मिलिमीटरच्या चाळणीतून निम्म्याहून बरंच जास्त. दर वीस मीटरवर वीतभर खड्डा करून त्याच्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाका. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं ते. चुना पोचलाय तिथे गुलाबी होतं, नाही तिथे काळंच राहतं. गुलाबी रेघ अर्ध्यावर तुटली तर पातं खाली गेलेलं नाही; रोटाव्हेटरवाल्याला बोलवा आणि खड्डा दाखवा, तोंडी सांगून उपयोग नाही. फिनॉल्फ्थॅलिन न मिळालं तर हळदीच्या पाण्यात बुडवलेलं पांढरं फडकं ओल्या कडेला दाबा, चुन्याने ते कुंकवासारखं लाल होतं. काळी माती मुळातच थोडी अल्कधर्मी असते, म्हणून आधी शेजारच्या कोऱ्या मातीवर लावून रंगातला फरक बघून ठेवा.

ओल हातानेच पाहायची. मुठीत दाबली की लाडू वळावा, दोन्ही हातांनी मोडला की स्वच्छ दोन तुकडे व्हावेत, तळहात ओला होऊ नये. चुना घातलेल्या मातीला साध्या मातीपेक्षा पाणी जास्त लागतं. एका थराला 100 मीटरमागे 5000 लिटरचा टँकर धरूनच चाला. शंका असेल तर कोरडीपेक्षा किंचित ओली बरी.

दाबणी

दुसऱ्यांदा मिसळलं त्याच दिवशी दाबा. आधी पॅडफूट, म्हणजे दात्यांचा रोलर, दाते वर येऊ लागेपर्यंत, मग साधा. खालचा थर असा झाला की चराची माती घेऊन वरचा थर तसाच करायचा. वरच्या थराला मधोमध उंची ठेवा, दीड मीटरला सहा-सात सेंटीमीटर उतार.

ओल राखणं

वरच्या थरावर सात दिवस वाहन नाही, बैलगाडीसुद्धा नाही. दोन्ही टोकांना काटेरी फांद्या टाका. रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याची फवारणी करा, धार नको. एप्रिलच्या उन्हात हा आठवडा चुकला तर वर पापुद्रे सुटतात. याच काळात मिसळलेल्या मातीचा एक लाडू प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून सावलीत ठेवा, कोऱ्या मातीचा दुसरा वाळवून ठेवा. आठव्या दिवशी दोन्ही पाण्याच्या बादलीत सोडा. कोरा बघता बघता विरघळून बसेल. चुन्याचा जसाच्या तसा राहिला पाहिजे.

मुरूम

आता टाका. चुन्याची माती भार पेलते, पण चाकांच्या घासण्याने तिची धूळ होते, म्हणून वर 8-10 सेंटीमीटर मुरूम पाणी मारून दाबा. या मुरमाला आता खाली जायला जागा नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर एखादा खड्डा पडेलच. तो चौकोनी कापून, चुना मिसळून मुरवलेली माती भरून धुमसाने ठोकायचा. त्यासाठी उन्हाळ्यातल्या उरलेल्या गोण्या जपून ठेवू नका. दिवाळीपर्यंत त्यांतला चुना मेलेला असतो, दोन गोण्या ताज्या आणा.