पीव्हीईच्या आधी सर्जनला विचारा: नक्की काय उरणार आहे?

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीच्या फेलोशिपसाठी मी नवी मुंबईत आलो तेव्हा भीती सुईची होती. पीव्हीई म्हणजे पोर्टल व्हेन एम्बोलायझेशन: लिव्हरचा जो भाग कापायचा त्याला रक्त नेणारी पोर्टल व्हेनची फांदी ऑपरेशनच्या आधीच बंद करायची, म्हणजे उरणारा भाग वाढतो. सोनोग्राफीवर बघत पोर्टल व्हेनमध्ये सुई घालायची, कॅथेटर (बारीक नळी) पुढे न्यायचा, शीर बंद करणारा ग्लू सोडायचा. पण सुई हाताला बसते, वेळ लागतो एवढंच. मी फसलो ते नेरुळच्या खोलीत, रात्री लॅपटॉपवर व्हॉल्युमेट्री, म्हणजे सीटीवर लिव्हरच्या भागांची मापं काढताना.

२०-३०-४० टक्क्यांचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. लिव्हर निरोगी असेल तर ऑपरेशननंतर निदान २० टक्के उरावं, बराच केमो झाला असेल तर ३०, सिऱ्हॉसिस असेल तर ४०. मलाही पाठ होता.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलेला, सहा महिने केमो झालेले एक काका होते. ट्यूमर वजा करून एकूण लिव्हर १२०० मिली, डावी बाजू ४२०. म्हणजे ३५ टक्के. मी लिहून टाकलं, पीव्हीईची गरज नाही. मीटिंगमध्ये सर्जन मॅडमनी एवढंच विचारलं, "सेगमेंट चार यात धरलाय का?"

धरला होता. लिव्हरचे आकडे दिलेले भाग म्हणजे सेगमेंट, आणि चार हा डाव्या बाजूचा, उजवीला लागून असलेला भाग. गाठ मिडल हेपॅटिक व्हेनला, म्हणजे दोन बाजूंच्या मधल्या शिरेला चिकटलेली होती, त्यामुळे उजव्या बाजूबरोबर चारही निघणार होता. तो वगळला की उरतात २१६ मिली. १८ टक्के. ज्यांना ३० हवेत त्यांना मी १८ वर ऑपरेशनला पाठवत होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून हे नीट डोक्यात बसवा. साधी राइट हेपॅटेक्टमी (फक्त उजवी बाजू काढणं) असेल तर कापायची रेघ मिडल हेपॅटिक व्हेनच्या कडेने जाते. एक्स्टेंडेड, म्हणजे वाढवलेली असेल तर ती आणखी डावीकडे, फॅल्सिफॉर्म लिगामेंट या पडद्यापाशी सरकते आणि चार कापणाऱ्या बाजूला जातो. सॉफ्टवेअर आपोआप कडा आखून देतं ती बहुतेक वेळा पहिली रेघ असते. ऑपरेशन कोणतं ठरलंय हे त्याला कुठून कळणार? मला ही आपोआपची आखणी शिकाऊ माणसाच्या हातात अजिबात आवडत नाही. पहिल्या वीसेक केसेस हाताने, एकेका स्लाइसवर आखा. आणि रिपोर्टात नुसतं 'डावी बाजू' लिहू नका, उरणाऱ्या सेगमेंटचे आकडे लिहा: एक, दोन, तीन.

इथली चूक पुढे कॅथलॅबमध्येही, म्हणजे पीव्हीई करतानाही येते. चार निघणार असेल तर त्याच्या फांद्याही बंद कराव्या लागू शकतात, आणि त्या डाव्या पोर्टल व्हेनमधूनच निघतात. तिथे ग्लू मागे सरकला तर जो भाग वाढवायचा त्याचंच रक्त अडतं. घाई नको. आमचे सर तिथे ग्लूऐवजी शीर बुजवणाऱ्या बारीक कणांवर आणि कॉइलवर (तारेच्या वेटोळ्यांवर) भर द्यायचे.

ग्लूचं बाकी सगळं मी आमच्या सीनियर टेक्निशियनकडून शिकलो, आणि माझं ठाम मत आहे की दोन दिवसांच्या वर्कशॉपपेक्षा असा माणूस जास्त शिकवतो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातली सलाइनची सिरिंज काढून घेतली. "डॉक्टर, पाच टक्के डेक्स्ट्रोज." सलाइन लागलं तर ग्लू कॅथेटरमध्येच घट्ट होतो.

घाबरू मात्र नका. काकांची पीव्हीई झाली, चारच्या फांद्यांसकट. नंतर थोडा ताप आणि पोटात दुखणं, तिसऱ्या दिवशी घरी. काकू मला रोज विचारायच्या, "डॉक्टर, खरंच वाढतं का हो लिव्हर?" उजवीकडचं रक्त बंद झालं की पोर्टलचा सगळा प्रवाह डावीकडे वळतो आणि तिथल्या पेशी वाढायला लागतात, हे मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. पाच आठवड्यांनी सीटी केला. आखायला बसण्याआधी मी मॅडमना फोन लावून प्लॅन तोच आहे ना ते विचारलं, मग एक, दोन, तीन आखले. ३७२ मिली. ३१ टक्के.

काकूंना मी वॉर्डात जाऊनच सांगितलं.