कान, नाक, घसा : घरी किती थांबावे आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे

कान, नाक आणि घशाच्या तक्रारींत आपण बहुतेक वेळा दुखण्याच्या तीव्रतेवरून निर्णय घेतो. फार दुखले तर दवाखाना गाठतो आणि दुखत नसेल तर चार दिवस वाट पाहतो. या तीन अवयवांच्या बाबतीत ही पद्धत पुष्कळदा फसते. सर्दीनंतर रात्री अचानक ठणकू लागलेला मुलाचा कान किंवा गिळताना टोचणारा घसा बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत उतरणीला लागतो. उलट एका रात्रीत गेलेले ऐकू येणे, महिनाभर बसलेला आवाज, मानेतली न दुखणारी गाठ आणि कानातून वाहणारा दुर्गंधीयुक्त पू यांपैकी काहीच फारसे दुखत नाही, आणि नेमके तेच दुखणे अंगावर काढले जाते. म्हणून त्रास किती दिवसांचा आहे, तो एकाच बाजूला आहे का आणि त्याच्या जोडीला आणखी काय होते आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

कान

अचानक येणाऱ्या बहिरेपणापासून सुरुवात करतो, कारण यात वाया गेलेले दिवस परत मिळत नाहीत. सकाळी उठल्यावर एका कानाला दडा बसल्यासारखा वाटतो, त्या कानाने फोन ऐकू येत नाही, कधी आत सतत गुंजारव असतो, कधी चक्करही येते. मळ साठला असेल असे समजून माणसे तेल आणि थेंब घालत आठवडा काढतात. मात्र आतल्या कानाला किंवा श्रवणाच्या नसेला इजा झाली असेल, तर स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू होणे महत्त्वाचे असते आणि दोन आठवड्यांनंतर त्यांचा उपयोग बराच कमी होतो. घरी एक साधी चाचणी करता येते. तोंड मिटून गुणगुणावे. आवाज दडा बसलेल्या कानात मोठा वाटला, तर मळ किंवा मधल्या कानातील अडथळ्याची शक्यता अधिक असते. तो चांगल्या कानात मोठा वाटला, तर नसेचा दोष असू शकतो. या चाचणीने निदान पक्के होत नाही, त्यामुळे निकाल कसाही आला तरी त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कान तपासून श्रवणचाचणी करून घ्यावी.

कानातला मळ हा कानाचा शत्रू नाही. तो त्वचेचे रक्षण करतो आणि बहुधा आपोआप बाहेर येतो. बड, केसांची पिन किंवा किल्ली घातली की तो आत ढकलला जातो आणि कधी पडद्यालाच इजा होते. रस्त्यावर कान साफ करून देणाऱ्यांकडे तर जाऊच नये. मळ घट्ट बसला असेल, तर तो मऊ करणारे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस घालून नंतर तो त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. लसूण घालून कडवलेले तेल अनेक घरांत आजही कानात सोडले जाते. ते मायेने केले जाते हे मान्य आहे, परंतु गरम तेलाने कातडी भाजते, आणि पडद्याला छिद्र असेल तर तेल थेट मधल्या कानात जाते.

पुण्याच्या पावसाळ्यात या सवयीची किंमत विशेष मोजावी लागते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, भिजलेल्या केसांवर हेल्मेट चढवून तासन्‌तास दुचाकीवर फिरताना कानाची नळी ओलसर राहते. त्यात तेल आणि बडने खरवडलेली कातडी यांची भर पडली की बुरशी वाढते. सतत खाज, जडपणा आणि ओल्या कागदाच्या लगद्यासारखा पांढरा किंवा काळपट मळ ही तिची लक्षणे होत. तिला प्रतिजैविकांच्या थेंबांनी उतार पडत नाही, उलट ती बळावू शकते. म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणण्याऐवजी कान स्वच्छ करून घ्यावा आणि पुढे काही दिवस पूर्ण कोरडा ठेवावा. मधुमेही व्यक्तीचा, विशेषतः उतारवयातील, कान रात्री झोप उडेल इतका ठणकत असेल आणि वाहत असेल, तर हा संसर्ग हाडापर्यंत गेलेला असू शकतो. तेथे एक दिवसही थांबू नये.

कान फुटणे, म्हणजे सर्दी झाली की कानातून पाणी किंवा पू येणे, हे काही घरांत वर्षानुवर्षे चालू असते आणि त्याची सवय होऊन जाते. स्राव पातळ व वास नसलेला असला तरी पडद्याला छिद्र असण्याची शक्यता असते, आणि ते शस्त्रक्रियेने बुजवता येते. स्राव थोडाच पण कुजकट वासाचा असेल, तर हाड कुरतडत जाणारा आजार असू शकतो. अशा कानाबरोबर चेहरा एका बाजूला वाकडा होणे, गरगरणे, तीव्र डोकेदुखी, ताप किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर तडक मोठे रुग्णालय गाठावे.

लहान मुलाचा कान सर्दीनंतर दुखू लागला, तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे, कानात काहीही घालू नये आणि मूल सहा महिन्यांपेक्षा मोठे व एरवी खेळते असेल, तर ४८ तास निरीक्षण करता येते. मूल त्याहून लहान असेल, ताप चढा असेल, दोन्ही कान दुखत असतील किंवा पू आला, तर त्याच दिवशी दाखवावे. कानामागे सूज येऊन कानाची पाळी पुढे ढकलली गेलेली दिसली, तर तातडीने न्यावे. बाळाला आडवे निजवून बाटलीने दूध पाजणे टाळावे, कारण त्यामुळे कानाच्या संसर्गाची शक्यता वाढते.

कानात किडा गेला आणि पडद्याला पूर्वी कधी छिद्र नव्हते, तर खोबरेल तेलाचे काही थेंब घालून तो मारता येतो, मग काढण्यासाठी डॉक्टरांकडे जावे. हरभरा किंवा चिंचोका अडकला असेल, तर पाणी मुळीच घालू नये, तो फुगतो. घड्याळातील किंवा खेळण्यातील चपटी बॅटरी कानात अथवा नाकात गेली किंवा गिळली गेली, तर ती दोन तासांत ऊतक जाळू शकते. तेव्हा थेंब, पाणी, चिमटा असे प्रयोग न करता सरळ रुग्णालयात धाव घ्यावी.

ज्या विषयावर पुण्यात उघडपणे बोलले पाहिजे असे मला वाटते, तो म्हणजे मोठ्या आवाजाचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत ठरलेली आहे. कानाच्या दृष्टीने ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसण्याजोगा मानतात आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटे उरते. विसर्जन मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर किंवा पथकात ढोलाशेजारी तासन्‌तास उभे राहणाऱ्या तरुणांनी हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. वादन सोडा असे मी म्हणणार नाही. सरावालाही कानात इअरप्लग घालावेत, मध्ये मध्ये आवाजापासून दूर जावे आणि लहान बाळांना तेथे नेऊ नये. मिरवणुकीनंतर कानात शिटी वाजणे किंवा ऐकू कमी येणे एक-दोन दिवसांत थांबले नाही, तर श्रवणचाचणी करावी.

कुशीवर वळताना किंवा मान वर करताना काही सेकंद घर फिरल्यासारखे वाटणे हे बहुधा आतल्या कानातील कण सरकल्यामुळे होते, आणि डॉक्टरांनी डोके ठरावीक पद्धतीने वळवून केलेल्या उपचाराने ते बरे होते, त्यासाठी महिनोन्‌महिने गोळ्या लागत नाहीत. चक्करेबरोबर बोलणे अडखळणे, दोन-दोन दिसणे, हातपाय लुळे पडणे किंवा चालताना तोल जाणे असेल, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

नवजात बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, शंका असल्यास निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत, असा क्रम जगभर पाळला जातो. “आमच्या घरात मुले उशिराच बोलतात” या समजुतीत अमूल्य वर्षे जातात. जन्मजात बहिरेपणाचा समावेश राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे, त्यामुळे अंगणवाडी, शाळा किंवा सरकारी दवाखान्यातूनही पुढच्या तपासणीचा मार्ग मिळतो.

नाक

घोळणा फुटला की डोके मागे टाकून आडवे करणे, डोक्यावर पाणी ओतणे आणि कांदा हुंगायला देणे ही आपली ठरलेली धावपळ असते. डोके मागे टाकल्याने रक्त घशात उतरते, उलटी होते आणि किती रक्त गेले तेही कळत नाही. त्याऐवजी माणसाला ताठ बसवून किंचित पुढे झुकवावे, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट दाबावा, तोंडाने श्वास घेऊ द्यावा आणि मध्ये न सोडता घड्याळ लावून १० ते १५ मिनिटे धरावे. दोनदा असे करूनही रक्त थांबले नाही, डोक्याला मार लागला असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रुग्णालयात जावे. वयात येणाऱ्या मुलाच्या एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येणे आणि ती नाकपुडी चोंदलेली राहणे हे दुर्बिणीने तपासण्याचे निश्चित कारण आहे.

साधे पडसे आठ-दहा दिवसांत बरे होते. शेंबूड पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरून प्रतिजैविक लागत नाही. दहा दिवसांत काहीच उतार नसेल, बरे वाटू लागून पुन्हा बिघडले असेल किंवा तीव्र ताप व चेहऱ्याचे दुखणे तीन-चार दिवस टिकले असेल, तर दाखवावे. डोळ्याभोवती सूज, दृष्टीत फरक किंवा असह्य डोकेदुखी ही आणीबाणी समजावी. २०२१ मध्ये काळी बुरशी नावाने पुण्याने पाहिलेला आजार मधुमेह हाताबाहेर गेलेल्या माणसाला आजही होऊ शकतो. गालाला बधिरपणा, नाकातून काळपट स्राव आणि हलू लागलेले वरचे दात ही त्याची लक्षणे आहेत.

वर्षभर शिंका, नाकाला खाज आणि डोळ्यांतून पाणी येत असेल, तर ॲलर्जीचा विचार करावा. बांधकामांची धूळ, अंथरुणातील सूक्ष्म किडे आणि १९५०च्या दशकात भारतात प्रथम पुण्याच्या परिसरात नोंदले गेलेले गाजरगवत ही येथील नेहमीची कारणे आहेत. मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्याने नाक धुणे आणि डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा फवारा नियमित वापरणे यांनी बहुतेकांना आराम पडतो. चोंदलेले नाक झटक्यात मोकळे करणारे थेंब मात्र पाच दिवसांपेक्षा जास्त घालू नयेत, कारण पुढे त्या थेंबांमुळेच नाक चोंदू लागते.

मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर आत मणी किंवा स्पंजचा तुकडा अडकला असावा असेच समजून दाखवावे.

घसा

घसा बहुधा विषाणूंमुळे धरतो आणि आठवड्यात सुटतो. कोमट मिठाच्या गुळण्या, भरपूर पातळ पदार्थ आणि गरज पडल्यास पॅरासिटामॉल पुरते. खोकला नसताना चढा ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि मानेत दुखऱ्या गाठी असल्या, तर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. शाळकरी मुलांत त्याकडे दुर्लक्ष झाल्यास संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात, म्हणून तेथे प्रतिजैविकाचा कोर्स पूर्ण करावा. एका बाजूला फार दुखणे, तोंड न उघडणे, लाळ गळणे आणि आवाज घोगरा होणे म्हणजे टॉन्सिलशेजारी पू झालेला असू शकतो. श्वास घेताना घशातून आवाज येत असेल, तर तोंडात काहीही न घालता रुग्णाला बसवूनच न्यावे.

माशाचा काटा अडकला की भाताचा गोळा किंवा केळे गिळवू नये, काटा अधिक खोल रुततो. चार वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. खाताना एकदम जोराचा ठसका लागून मूल नंतर शांत झाले, पण खोकला किंवा छातीत घरघर राहिली, तर दाणा श्वासनलिकेत असू शकतो. एक्स-रे स्वच्छ आला तरी ही शंका डॉक्टरांना सांगावी.

आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसला असेल, तर स्वरयंत्र दुर्बिणीने पाहून घ्यावे, शिक्षक, कीर्तनकार आणि विक्रेते यांनीही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मावा, खैनी आणि घराघरांतील मशेरी चालूच आहे. तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्याने आपल्या तोंडात तीन बोटे उभी मावतात का, हे अधूनमधून पाहावे. तोंड कमी उघडू लागणे, तिखट न सोसणे, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेतली न दुखणारी गाठ आणि कानात काही दोष नसताना एकाच कानात राहणारे दुखणे यांपैकी काहीही असल्यास वेळ घालवू नये. घशातल्या कर्करोगाचे दुखणे कानात जाणवू शकते, हे फार थोड्यांना माहीत असते. घरातल्या बायका मशेरीला व्यसन मानत नाहीत, म्हणून त्यांना हे वेगळे विचारावे लागते.

दाखवायला जाताना

खासगी तपासणीचा खर्च झेपत नसेल, तर पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. तेथे सकाळी लवकर पोहोचावे आणि आधीचे सर्व कागद न्यावेत. तपासणीपूर्वी कान स्वतः साफ करू नये किंवा तेल घालू नये, कारण मग पडदा नीट दिसत नाही. त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, कोणत्या बाजूला आहे, आतापर्यंत कोणते थेंब व गोळ्या घेतल्या आणि मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ करण्याचे औषध चालू आहे का, हे कागदावर लिहून न्यावे. उतारवयातील व्यक्तीला कमी ऐकू येत असेल, तर बरोबर घरातले कोणीतरी जावे आणि डॉक्टरांनी सांगितलेला थेंबांचा क्रम व दिवस तेथेच पुन्हा विचारून घ्यावेत.