लाकडावरचा बंब घेताय? या चुका टाळा

थंडी पडायला लागली की ओळखीतलं कुणीतरी विचारतं, "बंब घ्यायचाय, केवढा घेऊ?" मी उत्तर देईपर्यंत ६० लिटरचा घरी आलेलाही असतो. चौघांच्या घराला ३० लिटरचा पुरतो. बादली १५ लिटरची, आंघोळीला पाणी साधारण ४२ अंशांचं. बंबातलं ७० अंशांना आणि नळाचं २२ ला असेल, तर बादलीत बंबाचं सहा-सात लिटरच पडतं, बाकी सगळं विसण. चौघांचं मिळून २५-२६ लिटर झालं. ६० लिटरला जळण दुप्पट जातं आणि उरलेलं पाणी दुपारपर्यंत निवून जातं.

दुसरी चूक जिवावरची आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो.

हल्ली बंब गच्चीवरच्या टाकीला जोडतात. जोडा, पण बंबाच्या माथ्यावरून एक उघडी नळी टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्याही वर गेलीच पाहिजे. तापलेलं पाणी फुगतं, उकळलं की वाफ होते, आणि तिला वाट हवी. माझ्या मामांच्या घरी ही नळी टाकीपेक्षा दोन फूट खाली संपवली होती. साहजिकच तिच्यातून पाणी वाहायचं. नळी टाकीतल्या पाण्याच्या वर न्यायची, तर प्लंबरनं तिला बूच मारलं. गरम पाणी टाकीत परत जाऊ नये म्हणून गार पाण्याच्या पाइपला एकेरी झडपही बसवली. आता बंब चारी बाजूंनी बंद.

तिसऱ्या दिवशी सकाळी बंब गडगडायला लागला. मामी तोटी उघडायला निघाल्या होत्या. त्यांना मी हात धरून मागे ओढलं, कारण त्या तोटीतून वाफच अंगावर आली असती. चिमट्यानं खालचं जळण ओढून बाहेर काढलं आणि सगळ्यांना अंगणात नेलं. दुपारी बंब निवल्यावर पाहिलं, तर पोट फुगलेलं आणि आतली जाळाची नळी, म्हणजे जिच्यात जळण जळतं आणि जिच्याभोवती पाणी असतं ती, दाबानं चिमटून गेलेली. बंब मोडीत गेला. माणसं वाचली ती थोडक्यात. त्या उघड्या नळीला बूच नको, कॉकही नको. तिच्यातून पाणी येत असेल तर ती वर न्या.

बंब कोरडा पेटवणं हीसुद्धा नेहमीची चूक. जुन्या बंबात वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि तेवढंच गरम पाणी तोटीतून बाहेर पडायचं. बंब रिकामा होतच नसे. आताच्या बंबांना तळाशी तोटी असते, आणि शेवटचा माणूस शेवटचा थेंबही काढून घेतो. जाळाच्या नळीभोवती पाणी असेतो पत्रा १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. पाणी नसेल तर तो तापतच जातो, आणि सांध्यांचा कथील-शिशाचा डाक १८३ अंशांपासून सुटायला लागतो. मी झाकण काढून, पाण्यात बोट बुडवूनच काडी ओढतो. रोज. घाईत असलो तरी.

बंद न्हाणीघरात बंब पेटवू नका. कोळसा असो की लाकूड, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. खिडकी उघडी आहे म्हणून भागत नाही; बंबाची जागा पडवीत किंवा परसात.

ओलं जळण घालू नका. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं; जाळ आधी तेच वाळवत बसतो आणि धुरानं नळीत काजळी धरते. बाभळीच्या ढलप्या उन्हाळाभर वाळवलेल्या असाव्यात. पेटवायला करवंट्या उत्तम. प्लास्टिक आणि रंग दिलेल्या फळ्या अजिबात नकोत. राख रोज काढा, नाहीतर जाळीखालून वारा मिळत नाही. बोअरचं पाणी असेल तर आत क्षार धरतात, म्हणून हात आत जाईल एवढ्या तोंडाचा बंब बघा.

तांब्याचा म्हणून मुलामा दिलेला पत्रा गळ्यात मारतात. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे हे नक्की. नाही चिकटला म्हणून तांबंच असेल असं नाही, काही स्टीललाही तो चिकटत नाही. आतल्या नळीवर खिळ्यानं ओरखडा काढून रंग बघा. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत घेत असाल तर जाडीही विचारा. मग बंब काठोकाठ भरून अर्धा तास दुकानातच ठेवायला लावा आणि सांध्यांवरून कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर दुसरा काढायला सांगा.