माल्कम मार्शल एका कार्डशीटवर

बडोद्याच्या दांडियाबाजारात गणपतीच्या मांडवात वेस्ट इंडीजचा वेगवान गोलंदाज माल्कम मार्शल याच्यासारख्या क्रिकेटपटूचा तक्ता लावायचा असेल, तर २२ बाय २८ इंचांची कार्डशीट उभी घ्या. रांगेतला माणूस चार-पाच फुटांवरून वाचतो, तेव्हा अक्षर अर्ध्या इंचाहून लहान नको. म्हणजे शंभर-सव्वाशे शब्दांत आटपायचं.

पहिली चूक जन्मस्थळातच होते. ‘वेस्ट इंडीज’ हा संघ आहे, देश नव्हे. मार्शल बार्बाडोसचा: जन्म ब्रिजटाऊन, १८ एप्रिल १९५८. (त्याच संघाचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड घेतलात तर ‘बेटावरचा’ लिहू नका, तो गयानाचा आणि गयाना दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे.) तो हॅम्पशायरकडून काउंटी क्रिकेट, म्हणजे इंग्लंडमधलं स्थानिक क्रिकेट, खेळला; त्याची ओळ वेगळी ठेवा. त्या विकेटी कसोटीत मिसळल्या की सगळा तक्ता खोटा.

आता आकडे. ८१ कसोटी, ३७६ बळी, ७८७६ धावा दिल्या. धावांना बळींनी भागलंत तर गोलंदाजीची सरासरी २०.९४६ येते. म्हणून कुणी २०.९५ लिहितं, पण नोंदींत २०.९४ छापतात, कारण पुढचे अंक तिथे सोडून देतात. कुठलंही एक धरा, तक्ताभर तेच पाळा. फलंदाजीत जास्त घोळ होतो. १०७ डाव, १८१० धावा. पण तो ११ वेळा नाबाद होता, त्यामुळे बाद झालेल्या ९६ डावांनीच भागायचं. सरासरी १८.८५. थेट १०७ ने भागलं तर १६.९२ येतं आणि बिचाऱ्याच्या दोन धावा उगाच जातात.

सामना एकच निवडा, पण नीट सांगा. इंग्लंडमधलं हेडिंग्ले, १९८४: क्षेत्ररक्षण करताना डाव्या हाताचा अंगठा मोडला. सहकारी लॅरी गोम्सचं शतक व्हावं म्हणून मार्शल अकराव्या क्रमांकावर एका हाताने खेळायला उतरला. मग प्लास्टर घातलेल्या हातानिशी ५३ धावांत ७ बळी. निम्मी जागा याला द्या.

१९८३ च्या भारत दौऱ्यात त्याने सहा कसोटींत ३३ बळी घेतले. त्याच दौऱ्यात आपल्या मोतीबागेवर वनडे झाली. तेवढ्यावरून ‘मार्शल बडोद्यात खेळला’ असं ठोकून देऊ नका. आधी स्कोअरकार्डातली अकरा नावं वाचा.

शेवटची ओळ मृत्यूची: ४ नोव्हेंबर १९९९, आतड्याचा कर्करोग, वय ४१. त्याखाली दोन इंच कोरे सोडा, टेबलाची झालर तिथवर येते.