हत्तीरोगाचा रक्तनमुना: आधी वेळ विचारा

सुया, नळ्या, लेबलं नेहमीचीच. यादीत पहिली येते ती रक्त घ्यायची वेळ. गेल्या खेपेला मी नेमकी तीच विसरले आणि दुपारच्या रक्तावर ‘जंतू आढळले नाहीत’ असा रिपोर्ट गेला. वुचेरेरिया या हत्तीरोगाच्या कृमीचे मायक्रोफायलेरिया, म्हणजे त्याची सूक्ष्म पिल्लं, दिवसा फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि साधारण रात्री १० ते २ या वेळात बाहेरच्या रक्तात उतरतात. दुपारच्या कोऱ्या स्लाईडवरून काहीही ठरत नाही.

आणि रात्र कुणाची? रुग्ण नुकताच दूरच्या देशातून आला असेल, तर तिथली. शरीराचं घड्याळ विमानाबरोबर लगेच बदलत नाही. म्हणून कुठून आला, कधी उतरला, हे विचारून मगच वेळ ठरवा. पॅसिफिकमधल्या काही बेटांवरची जात दिवसाही सापडते, तेव्हा गावाचं, बेटाचं नाव विचारा. नुसता खंड लिहून भागत नाही.

मध्य किंवा पश्चिम आफ्रिकेतून आलेल्यांचा भरदुपारी, १० ते २ मध्ये, दुसरा नमुना घ्याच. तिथल्या लोआ लोआ या दुसऱ्या कृमीची पिल्लं दिवसा रक्तात येतात. हा संसर्ग डासांमुळे होत नाही, चावऱ्या माश्यांमुळे होतो, पण तो इथे चुकवून चालणार नाही. रक्तात लोआ भरपूर असताना डीईसी हे हत्तीरोगाचं औषध दिलं तर मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. दिवसा जंतू बाहेर यावेत म्हणून डीईसीची गोळी देऊन बघायचा मोह तर अजिबात नको.

जाड थराची स्लाईड कराच, पण जंतू कमी असतील तर १ मिलिलिटर तरी रक्त फिल्टरमधून गाळा. जिम्सा या रंगाने रंगवल्यावर शेपटीचं टोक बघा: वुचेरेरियात ते रिकामं असतं, ब्रुगिया मलायी या हत्तीरोगाच्याच दुसऱ्या कृमीत दोन सुटी केंद्रकं दिसतात. घाईत डोकं बघून नाव देऊ नका.

अँटिजेनची पट्टी कुठल्याही वेळी चालते, पण ती ब्रुगिया पकडत नाही आणि लोआ जास्त असला तर फसवते. अँटिबॉडी जुन्या संसर्गातही सापडतात, स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या कृमीमुळेही येतात. पाय सुजलेल्यांच्या रक्तात बहुधा काही मिळत नाही. नुकत्याच परतलेल्या प्रवाशाला काही महिन्यांनी पुन्हा बोलवा. फिल्टर शिल्लक आहेत का ते दिवसाच बघा. रक्त घेतल्याची वेळ नळीवर लिहा, फॉर्मवर लिहा, रिपोर्टवरही लिहा.